डोस पाजण्याआधी कुपी बघून घ्या

३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालील १२ मुलांना पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात भरती करावं लागलं. अल्लाहच्या मेहेरबानीने सगळी बचावली.

कोरोनात सॅनिटायझर घरोघरी आलं आणि आपण त्याला औषधच समजू लागलो. त्याच एप्रिलमध्ये वणीत दारूऐवजी ते पिऊन माणसं दगावली. त्यात साठ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं. लहान मुलाच्या पोटात गेलं तर रक्तातली साखर उतरते, मूल सुस्त पडतं. अशा वेळी उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा. खरं तर घरात साबण-पाणी पुरेसं आहे.

पण या घटनेनंतर कुणी “आता डोसच नको” म्हणत असेल तर ते आम्हाला पटत नाही. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तो याच थेंबांमुळे, आणि शेजारी पाकिस्तान-अफगाणिस्तानात पोलिओ अजून आहे.

दार बंद करण्यापेक्षा कुपी मागून बघा. पोलिओची कुपी इवलीशी असते, बर्फाच्या डब्यातून निघते. तिच्यावर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा किंवा चौकोन जास्त गडद दिसला तर आशाताईंना सांगा, दुसरी कुपी काढायला लावा.