बर्फातली ईद

३१ मार्च २०२५, ईदची पहाट. फजरच्या आधीच आम्हाला जाग आली ती फावड्यांच्या आवाजाने. आमच्याकडे या वेळी तुपात शेवया भाजल्याचा वास घरभर सुटलेला असतो. इथे रात्रभर साचलेला बर्फ छपरावरून धप्प धप्प खाली पडत होता आणि आळीतली पोरे मशिदीपर्यंतची वाट मोकळी करत होती.

लडाखमधले द्रास सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे. १९९९ च्या युद्धात टोलोलिंग आणि टायगर हिल ही नावे आपल्या घराघरांत पोहोचली, ती शिखरे इथलीच. आम्ही उतरलो होतो ते खेडे द्रासपासून थोडे आत. मार्च संपत आला तरी गुडघाभर बर्फ होता.

एवढ्या लांब ईदला जाण्याचे कारण भाभी. दोन वर्षांपूर्वी त्या उपचारासाठी मुंबईला आल्या होत्या. ओळखीच्या ओळखीने निरोप आला आणि भाभी व त्यांचे पती तीन आठवडे आमच्या दोन खोल्यांत राहिले. पतीही आमच्यासारखेच शिक्षक, म्हणून आम्ही त्यांना मास्टरजीच म्हणतो. त्यांच्या घरची भाषा शिना. उर्दू त्यांना शाळेतून आलेली, आम्हाला घरातून. त्यामुळे गप्पांना काही अडले नाही. जाताना भाभींनी एक ईद त्यांच्याकडे करण्याचे वचन घेतले होते. यंदा गुढीपाडवा आणि ईद लागून आली, रजा जुळली. श्रीनगरकडचा रस्ता बंद होता, म्हणून आम्ही उभयता विमानाने लेहला गेलो, दोन दिवस तिथेच राहून उंचीची सवय केली आणि फोटू ला, नमिका ला या खिंडी ओलांडून कारगिलमार्गे द्रासला पोहोचलो. प्रवासात सुटलेले रोजे घरी आल्यावर पूर्ण केले.

बंद होती ती झोजिला खिंड. काश्मीर आणि लडाख यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. पूर्वी ती हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. आता काही आठवड्यांवर आले आहे. बोगद्याचे कामही सुरू आहे. पण भाभींचा थोरला मुलगा श्रीनगरला शिकतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस जोरदार बर्फ पडून रस्ता बंद झाला, तो पलीकडेच अडकला. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. सगळा रमजान भाभी रोज इफ्तारच्या आधी मास्टरजींना विचारत, “रस्त्याचे काही कळले?”

घरातली कोठी त्यांनी आम्हाला मोठ्या हौसेने दाखवली. पीठ, तांदूळ, डाळी, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्या, जर्दाळूंची पोती, शेणाच्या गोवऱ्या, विलोची लाकडे. किती उरले आणि किती दिवस पुरेल, हे त्यांना न मोजता सांगता येत होते. आम्ही महिन्याचा किराणा भरतो आणि मीठ संपल्यावर दुकानात पळतो. इथे शरद ऋतूत विसरलेली वस्तू वसंतापर्यंत मिळेलच असे नाही.

शीरखुर्मा आम्ही करायचे ठरले होते. शेवया, खारीक, चारोळी सोबत नेली होती. बुखारी नावाच्या शेगडीवर पातेले चढवले. दूध लगेच उकळ्या मारू लागले, पण खारीक काही केल्या मऊ होईना. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे शिजायला वेळ लागतो. भाषा शिकवणाऱ्यांनी हे विसरावे आणि मग चुलीसमोर घामाघूम व्हावे, हे ठीकच झाले! भाभी हसल्या आणि रात्री भिजत घातलेले जर्दाळू पुढे केले. ते पटकन विरघळले.

पुरुष नमाज पढून परतले तेव्हा आम्ही खिडकीत होतो. अरुंद वाटेवरून एकामागे एक माणसे येत होती आणि काहींच्या पाठीवर गवताचे भारे. ईदच्या नव्या कपड्यांवर! चौकशी केली तेव्हा कळले की टोकाच्या घरात एक विधवा बाई राहतात, त्यांची वैरण संपली होती. फितरा आधीच पोहोचला होता, पण गाय पीठ खाऊन जगत नाही. ज्यांच्याकडे भारा होता त्यांनी तो दिला. कुणाकडेच फार उरलेले नव्हते. रस्ता कधी उघडेल हेही कुणाला माहीत नव्हते.

दुपारी दस्तरखान पसरले. मटण, भात, मिठाचा चहा, आमचा शीरखुर्मा. मुलाचा फोन आला; चित्र दिसे आणि गोठे, आवाज तुटे. वसतिगृहात जेवलो म्हणाला. फोन बंद झाल्यावर भाभी हळूच म्हणाल्या, “अल्लाह का शुक्र है.”

आम्हाला ते खरे सांगायचे तर पटले नाही. आई आहे, डोळे पाणावलेत, मग शुक्र कसला? मनातले चेहऱ्यावर उमटले असावे. त्या म्हणाल्या, “बाजी, त्या वर्षी मी तुमच्याकडे होते. शेजाऱ्यांनी याला जेवू घातले, याची परीक्षा सांभाळली. पुढची ईद मी पाहीन असे डॉक्टरही खात्रीने सांगत नव्हते. आज मी घरी आहे, तो बाहेर आहे. दोघेही आहोत ना?”

आम्ही दोन दिवस थंडीची, गोठलेल्या नळाची तक्रार करत होतो. त्यानंतर केली नाही. (रात्री केली, पण आपापसात.)

दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला, सीमा सडक संघटनेने ३२ दिवसांनी झोजिला खुली केल्याची बातमी आली. मास्टरजी अंगणात जाऊन बराच वेळ पश्चिमेकडे पाहत उभे राहिले. वाहने सुरळीत सुरू व्हायला वेळ लागणार होता आणि आम्हाला परतायचे होते.

आठवड्याने भाभींचा फोन आला. मुलगा घरी पोहोचला होता. उरलेल्या शेवया त्यांनी डब्यात त्याच्यासाठी ठेवल्या होत्या, त्या आमच्या पद्धतीने केल्या. खारीक संपली होती, म्हणून सगळे जर्दाळूच घातले.