जर्मेनियम पुन्हा बंगळुरूत

१९६२ साली बंगळुरूच्या जलाहळ्ळी भागात, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात, जर्मेनियमची अर्धवाहक साधने बनू लागली. जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या डब्यात ‘एसी १२८’ असे छापलेली पत्र्याची इवलीशी टोपी हमखास सापडायची. तिच्या पोटात हा करडा, ठिसूळ पदार्थ असे. पाचेक वर्षांतच त्या कारखान्यात सिलिकॉनची साधने तयार होऊ लागली आणि जर्मेनियम मागे पडले. सिलिकॉन जास्त उष्णता सोसते, आणि त्याच्यावर चढणारा ऑक्साइडचा थर पक्का, वीजरोधक असतो. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. जिथे पायरीपायरीला अर्धवाहकाची चकती पाण्याने धुवावी लागते, त्या धंद्यात असा पदार्थ टिकणे कठीणच होते.

त्याच शहरात, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात, आज जर्मेनियम पुन्हा हाताळले जाते. या वेळी त्याने सिलिकॉनची जागा घ्यावी अशी कोणाची अपेक्षा नाही. ते सिलिकॉनच्याच अंगावर चढवायचे आहे आणि त्याच्याकडून वेगळेच काम करून घ्यायचे आहे: डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा जवळचा अवरक्त प्रकाश टिपण्याचे.

सिलिकॉनला हा प्रकाश दिसतच नाही. त्याच्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला साधारण १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि सुमारे ११०० नॅनोमीटरपेक्षा लांब लहरींच्या फोटॉनकडे तेवढी ऊर्जा नसते. तो प्रकाश सिलिकॉनमधून आरपार निघून जातो. पंचाईत अशी की जगभरचा संदेशव्यवहार काचेच्या तंतूंतून १३१० आणि १५५० नॅनोमीटरवर चालतो, कारण तिथे काच प्रकाश फार कमी गिळते. म्हणजे ज्या पदार्थाच्या चिप सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सफाईने बनतात, तोच या प्रकाशाला आंधळा. जर्मेनियम मात्र १५५० पर्यंतचा प्रकाश चांगला शोषते. इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड हा पदार्थ हे काम उत्तम करतो, पण त्याच्या चकत्या लहान आणि महाग, शिवाय सिलिकॉनच्या कारखान्यात त्याला सहजी प्रवेश नाही. आवर्तसारणीत सिलिकॉनच्या बरोबर खाली बसणारे जर्मेनियम त्या कारखान्याला चालते. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये त्याचे भाकीत केले तेच ‘एका-सिलिकॉन’ या नावाने. १८८६ मध्ये क्लेमेन्स विंक्लर यांना ते जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये सापडले.

भाऊबंद असले तरी दोघांचे माप जुळत नाही. सिलिकॉनच्या स्फटिकातले घर ५.४३ अँगस्ट्रॉमचे, जर्मेनियमचे ५.६६ चे. फरक ४ टक्क्यांच्या थोडा वर. सिलिकॉनची २५ घरे जेवढ्या लांबीत बसतात, तेवढ्यात जर्मेनियमची २४ च मावतात. पहिले काही थर जर्मेनियम अंग चोरून बसते. जाडी वाढली की ताण असह्य होतो आणि स्फटिकात ओळीच्या ओळी तुटतात. या तुटीच या तंत्राचे खरे दुखणे आहेत. अंधारातही त्यांच्यातून वीज झिरपते, आणि क्षीण प्रकाशाचा संकेत त्या झिरपणाऱ्या विजेत बुडून जातो. डिटेक्टर चांगला की वाईट हे तो किती प्रकाश पकडतो यापेक्षा अंधारात किती गप्प बसतो यावरच पुष्कळदा ठरते.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सर्ज ल्युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही पदार्थांच्या मिश्रणाचा, जर्मेनियमचे प्रमाण वाढत जाणारा थर मधे घालून सिलिकॉनवर असा डिटेक्टर बनवला. पुढे आणखी सुटसुटीत वाट निघाली. आधी ३५० अंश सेल्सियसच्या आसपास जर्मेनियमचा एक पातळ थर द्यायचा, म्हणजे अणूंना गोळा होऊन ढीग करायला उसंत मिळत नाही. मग तापमान ६००च्या वर नेऊन उरलेली जाडी भरायची. शेवटी चकती पुन्हा पुन्हा तापवायची, निववायची. एमआयटीतल्या लायनेल किमर्लिंग यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले की अशा तापवण्याने दर चौरस सेंटिमीटरमागच्या सुमारे अब्जभर तुटी दोनेक कोटींवर येतात. दोन कोटीही कमी नाहीत, पण तेवढ्यावर काम भागते.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट निवताना घडते. तापमान उतरते तसे जर्मेनियम सिलिकॉनच्या दुपटीहून जास्त आकसते. खालची जाड चकती त्याला तेवढे आकसू देत नाही, म्हणून जर्मेनियम किंचित, ०.२ टक्क्यांच्या आसपास, ताणलेलेच राहते. आणि हा ताण फायद्याचा ठरतो! प्रकाश शोषण्याची त्याची हद्द १५५० च्या पलीकडे सरकते.

हा ताण मोजतात रामन वर्णपटाने. सिलिकॉनची रेघ दर सेंटिमीटरला ५२० वर, जर्मेनियमची ३०० च्या आसपास उमटते, आणि स्फटिक ताणला गेला की ती किंचित खाली सरकते. ज्यांच्या नावाने ही पद्धत चालते ते सी. व्ही. रामन १९३३ ते १९३७ या काळात याच विज्ञान संस्थेचे संचालक होते. १९२८ च्या त्यांच्या शोधाशिवाय आज तिथल्या चकतीची ही परीक्षा करता येणार नाही.

संस्थेतल्या या कामाचे घर म्हणजे ‘सेन्स’, नॅनो विज्ञान व अभियांत्रिकी केंद्र. त्याची पायाभरणी २००६ मध्येच झाली होती, केंद्र सरकारने विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई यांना जोडीने नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे दिली तेव्हा. रुद्र प्रताप हे सेन्सचे संस्थापक अध्यक्ष. नवकांत भट यांनीही पुढे ती धुरा वाहिली. तिथली क्लीनरूम देशातल्या विद्यापीठांच्या आवारात दुर्मीळ अशी आहे. अंगभर पांढरा पोशाख, हवेचा झोत, प्रकाशलेखनाच्या खोलीतला पिवळा उजेड, आणि चकतीवरचा ऑक्साइड काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल, ज्याच्याशी खेळ नाही. शंकर कुमार सेल्वराज यांचा गट इथे सिलिकॉनच्या चिपवर प्रकाश वाहून नेण्याचे काम करतो. मुंबईच्या आयआयटीत सुद्धसत्त महापात्र यांच्या गटाने निर्वात कोठीत अणूंचे झोत सोडून सिलिकॉनवर जर्मेनियम, आणि त्याच्यावर जर्मेनियम-कथिलाचे मिश्रण, वाढवले आहे. कथिल मिसळले की आणखी लांब लहरी टिपता येतात.

या केंद्रांचे सर्वांत मोठे काम शोधनिबंधांत दिसत नाही. ‘इनप’ या योजनेतून देशभरातल्या कॉलेजांतले विद्यार्थी आणि प्राध्यापक इथे येऊन स्वतःच्या हाताने साधन बनवून जातात. बंगळुरूत चिपची आखणी करणारे हजारो अभियंते आहेत. चकती हातात धरलेले त्यामानाने फारच थोडे. ही दरी भरल्याशिवाय कोणताही कारखाना चालणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

आणि प्रकाशाच्या चिपला ३ नॅनोमीटरची अचाट यंत्रे लागतही नाहीत. जर्मनीतल्या आयएचपी संस्थेने २०२१ मध्ये २६५ गिगाहर्ट्झ वेगाचा जर्मेनियम डिटेक्टर जाहीर केला; तोही सिलिकॉनच्या नेहमीच्या, फारशा बारीक नसलेल्या तंत्राशी जुळणाऱ्या प्रक्रियेतून. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरची प्रक्रिया आहेच. तिच्यासारख्या ठिकाणी जर्मेनियम वाढवण्याची सोय जोडणे हे अवघड असले तरी आवाक्यातले काम आहे. कच्च्या मालाची चिंता मात्र खरी: ऑगस्ट २०२३ पासून चीनने जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, आणि त्याच वर्षी भारताने आपल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत त्याचे नाव घेतले. डिटेक्टरला लागणारा थर जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा असतो, एवढाच दिलासा.

डेटा सेंटरांना हे डिटेक्टर हवेतच, पण माझे लक्ष दुसरीकडे आहे. पाणी १४५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषते. साखरेच्याही खुणा याच पट्ट्यात उमटतात. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार आज मणी चिरडून रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचे माप, पाहतो. घड न तोडता, नुसता प्रकाश टाकून गोडी सांगणारी उपकरणे आहेत, पण या पट्ट्यात काम करणाऱ्या उपकरणांत महागडे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड बसलेले असते. सिलिकॉनवर वाढवलेले जर्मेनियम तिथे पोचले, तर अशा उपकरणाची किंमत बागेला परवडेल इतकी खाली येऊ शकते.