बिनडब्याचा स्पीकर

स्पीकर म्हटला की डबा आलाच, अशी आपली पक्की समजूत. लाकडी पेटी, पुढे जाळी, जाळीमागे कागदाचा कोन, कोनामागे मॅग्नेट. नांदेडच्या वजीराबादेत जा किंवा लातूरच्या गंजगोलाईत, रिपेअरिंगच्या दुकानाच्या फळ्यांवर फाटक्या कोनाचे, बसलेल्या कॉईलचे असे डबे ओळीने दिसतील. मी घरी ज्यावर गाणं ऐकतो त्याला डबा नाही आणि कोनही नाही. तीन फूट उंच, दोन फूट रुंद, इंचभर जाड अशी थर्माकोलची शीट तंगूसाने टांगलेली आहे. तिच्या पाठीला दोन इंच रुंदीचा एक्सायटर चिकटवलाय. त्यातून निघालेल्या दोन वायरी अॅम्प्लिफायरला जातात. बाकी काही नाही.

एक्सायटर म्हणजे कोन काढून घेतलेला स्पीकर. आत तीच व्हॉइस कॉईल, तेच मॅग्नेट. नेहमीच्या स्पीकरमध्ये मॅग्नेट लोखंडी सांगाड्याला घट्ट बसवलेलं असतं आणि कॉईल कोनाला ढकलते. इथे सांगाडा नाही. कॉईलचं तोंड शीटला चिकटतं आणि मॅग्नेट मागे लवचीक पट्ट्यांवर अधांतरी राहतं. करंट आला की मॅग्नेट आपल्या वजनामुळे जागीच राहू पाहतं आणि शीट थरथरते.

वजीराबादेतल्या ज्या चाचांकडे माझी जाण्यायेण्याची सवय आहे, त्यांनी एक्सायटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “सर, ह्याला कोन कुठंय?” म्हटलं, ज्याला चिकटवाल तो कोन. त्यांनी लगेच काऊंटरच्या काचेवर दाबून धरला आणि मोबाईलवरचं गाणं लावलं. अख्खी काच वाजायला लागली. “काऊंटरच बोलायलाय की!” म्हणाले, आणि त्यानंतर दुकानातला पत्रा, पुठ्ठा, प्लायचा तुकडा, जे हाताला लागेल ते त्यांनी वाजवून पाहिलं. आयुष्यभर कोन आणि कॉईल बदललेला माणूस वस्तू कानाने कशी पारखतो, हे त्या दिवशी जवळून पाहायला मिळालं. पत्र्याचा आवाज त्यांनी लगेच बाद केला, कारण गाणं थांबलं तरी पत्रा किणकिणत राहतो. पुठ्ठा भरड वाजला. प्लाय गोड वाजला पण दबका. शेवटी थर्माकोल लावलं आणि ते मान हलवून म्हणाले, “हे हलकं हाय म्हणून खुलं वाजायलंय.”

त्यांचं निदान बरोबर होतं. शीट जितकी हलकी आणि ताठ, तितका कमी ताकदीत जास्त आवाज. तीन मिलिमीटरचा प्लाय थर्माकोलहून कितीतरी जड, म्हणून तेवढ्याच वॅटमध्ये तो मागे पडतो.

कोन आणि शीट यांत मूळचाच फरक आहे. कोन पिचकारीच्या दट्ट्यासारखा अख्खाच पुढे-मागे होतो. त्यामुळे सूर जसजसा वर जातो तसतसा आवाज अरुंद होऊन समोरच्या दिशेलाच जातो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे ३,४०० हर्ट्झच्या सुराची लाट दहा सेंटिमीटरची. चार इंची कोनही साधारण तेवढाच. त्याच्या वरचे सूर समोर बसलेल्याला नीट ऐकू येतात आणि बाजूच्या दिवाणावर बसलेल्याला मातकट. शीटचं तसं नाही. एक्सायटर एका जागी ठोकतो आणि तिथून वाकणाऱ्या लाटा सगळ्या पृष्ठभागावर पसरतात, काठाला आपटून परत फिरतात, एकमेकींत मिसळतात. या लाटांचा वेगही एकसारखा नसतो. सूर चौपट उंच झाला की शीटमधली लाट दुप्पट वेगाने धावते. शीटचा प्रत्येक भाग वेगळ्या तऱ्हेने हलत असतो, म्हणून आवाज कोणत्याही एका दिशेला बांधलेला राहत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून ऐका किंवा खुर्चीवरून, गायकाचा शब्द सारखाच उमटतो.

या लाटा डोळ्यांनी पाहता येतात, आणि ज्याला हे काम करायचं आहे त्याने त्या पाहाव्यातच. प्लायचा तुकडा चार फोमच्या तुकड्यांवर आडवा ठेवायचा, खालून एक्सायटर लावायचा, वर चिमटीने रांगोळी भुरभुरायची आणि मोबाईलवरून एकच स्थिर सूर सोडायचा. सूर हळूहळू वर नेताना बराच वेळ काही होत नाही. मग एका ठिकाणी अचानक कण उड्या मारायला लागतात आणि बघता बघता रेषा तयार होतात. फळीचा जो भाग हलतो तिथून रांगोळी पळते आणि जो स्थिर असतो तिथे जमते. आणखी वरचा सूर लावला की रेषा मोडून नवी, जास्त गुंतागुंतीची नक्षी बसते. जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाड्नीने १७८७ साली धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून आणि काठावरून गज फिरवून मिळवलेल्या या आकृत्या छापून प्रसिद्ध केल्या होत्या. अगदी बारीक पूड टाकली तर मात्र ती उलट हलत्या जागीच गोळा होते. तिथल्या हवेचे भोवरे तिला ओढून नेतात, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. गव्हाच्या पिठापेक्षा रांगोळीचे कण जड, म्हणून इथे रांगोळीच हवी.

ती नक्षी पाहिली की एक्सायटर कुठे लावायचा याचं उत्तर समोर दिसतं. शीटच्या मधोमध लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण निम्म्याहून जास्त नक्ष्यांची स्थिर रेषा नेमकी मधोमध जाते. तिथे ठोकलं तर त्या सगळ्या नक्ष्या मुक्या राहतात आणि आवाजात खड्डे पडतात. म्हणून लांबीच्या दोन-पंचमांशावर आणि रुंदीच्याही दोन-पंचमांशावर, असा थोडा कडेचा बिंदू धरतात. तीन फुटांच्या बाजूवर तो सुमारे चौदा इंचांवर येतो, दोन फुटांच्या बाजूवर साडेनऊ इंचांवर. चिकटवण्याआधी एक्सायटर हाताने दाबून इंच-इंच सरकवत ऐकावं. एखाद्या जागी बाईचा आवाज नाकातून आल्यासारखा होतो, इंचभर बाजूला मोकळा होतो. दोन-पंचमांश हा फक्त सुरुवातीचा ठिपका आहे, शेवटचा निर्णय कानाचा.

२०१८ च्या राज्य सरकारच्या बंदीने मखरांचं थर्माकोल बाजारातून गेलं, ते योग्यच झालं. पॅकिंगमधलं थर्माकोल आणि गच्ची तापू नये म्हणून छतावर घालतात तो घट्ट फोम मात्र मिळतो. त्यातला बारीक दाण्याचा, दाबला तरी बोट न रुतणारा तुकडा निवडायचा. पॉलिश पेपरने वरची चकाकी काढायची आणि फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून दोन्ही बाजूंना पातळ हात द्यायचा. एकाच बाजूला दिला तर वाळताना शीट वाकते. फेविकॉल वाळला की कातडं ताठ होतं आणि टाळ-चिपळ्यांचा आवाज स्वच्छ होतो. पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन मात्र थर्माकोलच्या आसपासही आणू नये, ते थर्माकोल खाऊन टाकतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा एक वेगळा प्रश्न आहे. नांदेड-लातुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो. एक्सायटरसोबत येणारी चिकटपट्टी त्या उष्म्यात मऊ पडते आणि मॅग्नेटच्या वजनाने एक्सायटर हळूहळू खाली ओघळतो. कॉईल तिरकी होऊन मॅग्नेटला घासते आणि आवाजात खरखर येते. यावर उपाय सुताराकडचा आहे. शीट चौकटीत टांगून मागून एक उभी लाकडी पट्टी त्या चौकटीला ठोकायची आणि मॅग्नेटची पाठ फोमचा पातळ तुकडा ठेवून तिला टेकवायची. वजन पट्टी घेते, शीट मोकळी राहते. या एका पट्टीने खालचा आवाजही थोडा भरीव होतो.

आता खोलीकडे वळतो, कारण अर्धा आवाज खोलीच करते. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या हात-दीड हात जाड भिंती आणि वर माळवद. त्या खोलीत बोललेला शब्द भिंत पिऊन टाकायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात त्याच भिंती आणि तीच माळवदं माणसांच्या अंगावर आली, आणि लोकांनी सिमेंट, स्लॅब, पत्रा जवळ केला. तो निर्णय जिवाच्या भीतीने घेतलेला होता आणि त्याला कोणी बोल लावू नये. पण आजच्या आपल्या खोल्या गुळगुळीत प्लॅस्टरच्या, खाली टाइल्स, वर स्लॅब. टाळी वाजवली तर घुमत राहते. शीटचा आवाज पुढे निघतो तसा मागेही निघतो. भिंतीला चिकटवून टांगली तर मागचा आवाज लगेच परतून पुढच्यात चिखल करतो. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे टांगावी आणि मागच्या भिंतीवर जाड वाकळ सोडावी. आजीच्या हातची, चार-पाच लुगड्यांची वाकळ यासाठी उत्तम. लातूरला बहिणीच्या घरी मी हेच केलं. वरच्या मजल्यावर नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं भाड्याने राहतात, आवाज मोठा करण्याची सोय नाही. तिथे लक्षात आलं की शीटचा सगळ्यात मोठा गुण हळू आवाजात आहे. पंख्याच्या घरघरीतही अभंगातला शब्द न् शब्द कळतो.

आता पॉवर. आपल्याकडे अॅम्प्लिफायर असेंबल करणं म्हणजे वर्षानुवर्षं ४४४० चा बोर्ड. सान्यो कंपनीचा हा आयसी तेरा व्होल्टवर दोन्ही बाजूंना सहा-सहा वॅट देतो आणि ब्रिज जोडला तर एकोणीस. बारा-झिरो-बाराचा ट्रान्सफॉर्मर, डायोड, मोठा कंडेन्सर, अॅल्युमिनियमचा हीटसिंक, झालं. आवाज गोड असतो, पण हीटसिंक तापतो आणि अर्थिंग चुकलं की हम येतो. डायोडमधून गेल्यावर पन्नासचा शंभर हर्ट्झ झालेला तो हम. आता ३११६ आयसीचा छोटा बोर्ड मिळतो. तो सेकंदाला चार लाख वेळा चालू-बंद होत काम करतो, म्हणून वीज उष्णतेत फारशी जात नाही. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर त्याला पुरतो. लाईट गेली की बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो, आणि आपल्या भागात ही गोष्ट लहान नाही. एक खबरदारी घ्यायची. या बोर्डात स्पीकरची कोणतीही वायर ग्राउंडला जात नाही. ४४४० च्या सवयीने दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र बांधले तर बोर्ड जळू शकतो.

खर्जाचं खरं सांगायला हवं. खालच्या सुरांत शीटच्या नक्ष्या विरळ होतात आणि पुढचा-मागचा आवाज एकमेकांना मारतो. उजव्या हाताचा तबला कडक, स्पष्ट वाजतो, हलगीची काडी अंगावर येते, पण डग्ग्याचा घुमारा उरत नाही. पखवाजाचा धुमाही अर्धाच येतो. सी. व्ही. रामन यांनी तबला-मृदंगावरच्या शाईमुळे त्यांच्या कंपनांचे सूर जुळून कसे येतात हे दाखवलं. शीटवर शाई नाही, तिची कंपनं बेसूरच असतात, आणि ती इतकी दाट असतात म्हणूनच कोणताही सूर ती पोचवू शकते. खाली मात्र ती दाटी संपते. म्हणून जुन्या होम थिएटरचा आठ इंची वूफर डब्यासकट कोपऱ्यात ठेवावा आणि वेगळ्या बोर्डावर खालचं काम त्याला द्यावं. एक्सायटरच्या वायरीत ४७० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर मायनसला मायनस जोडून घालावेत. चार ओहमच्या एक्सायटरला ते साधारण १७० हर्ट्झच्या खालचं अडवतात आणि कॉईल वाचते.

ही कल्पना गल्लीतली नाही. १९९० च्या दशकात इंग्लंडच्या संरक्षण संशोधन संस्थेत अशा हलक्या, ताठ पॅनेलवर काम करताना तिचा पाया पडला आणि पुढे एनएक्सटी कंपनीने ती बाजारात आणली. २०१७ मध्ये सोनीने टीव्हीचा पडदाच थरथरवून त्यातून आवाज काढला. पण त्या पडद्याला आपल्या खोलीचं माप माहीत नाही. थर्माकोलची शीट आपण आपल्या भिंतीसाठी, आपल्या कानासाठी, आपल्या हाताने कापतो.

ज्यांना मिरवणुकीचा दणका हवा त्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांना घरात माणिक वर्मांचा, प्रल्हाद शिंदेंचा आवाज जवळून ऐकायचा आहे, त्यांनी एकच एक्सायटर आणून सुरुवात करावी. दुसरा पहिल्याचा आवाज जमल्यावर घ्यावा. आणि सोल्डरिंग स्वतः येत नसेल तर ऑनलाइन तयार डबा मागवण्याआधी गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडे जावं. कोन-कॉईलचं काम जाणणारे हात अजून नांदेडात आहेत, लातुरातही आहेत. त्यांच्या फळीवर आता मोबाईलचे फुटलेले डिस्प्लेच जास्त दिसतात. त्यांना हे काम द्या.