गोलंदाज, फलंदाज आणि बाळ पंडित

रेडिओवर क्रिकेटचं समालोचन करणाऱ्यापुढे सारं मैदान असतं. ऐकणाऱ्यापुढे फक्त एक डबा. चेंडू कोणी टाकला, फटका कुठे गेला, धावा किती झाल्या, हे सगळं पुढचा चेंडू पडायच्या आत सांगून व्हावं लागतं.

आपल्याकडे ही कला १९३०च्या दशकात ए. एफ. एस. तल्यारखान यांनी मुंबईहून गाजवली. ते दिवसभर एकटेच बोलत, पण इंग्रजीत. हा खेळ मराठी कानांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत अग्रभागी होते बाळ ज. पंडित (१९२९–२०१५). महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले पंडित पुढे आकाशवाणीवरचा आवाज झाले. क्रिकेटवर त्यांनी पुस्तकंही लिहिली.

खरी अडचण शब्दांची होती. छापलेला शब्द पुन्हा वाचता येतो. रेडिओवरचा शब्द ऐकताक्षणीच कळावा लागतो. वर्तमानपत्रांनी आणि समालोचकांनी मिळून हे शब्द रुळवले. ‘पायचीत’, ‘त्रिफळाचीत’ यांतलं ‘चीत’ कुस्तीच्या आखाड्यातलं, म्हणून खेडोपाडीही लगेच कळलं. त्रिफळा ऐकून कुणाला चूर्ण आठवलं असेल, तर तो भाग वेगळा!

आमच्या रामदासपेठेतल्या घरात अब्बांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नसे. सामन्याच्या दिवशी ट्रान्झिस्टर त्यांच्या उशाशी असायचा. घरची बोली उर्दू, पण मराठी समालोचनात ‘गोलंदाज’ आला की ते हसून म्हणत, “हा तर आपल्या घरातला शब्द!” खरंच होतं ते. फारसीत ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. तोफेचा गोळा टाकणारा गोलंदाज मराठ्यांच्या किल्ल्यांवर होताच. तोच चेंडू घेऊन मैदानात उतरला. त्याच धर्तीवर चेंडूफळीतल्या फळीला ‘अंदाज’ जोडून फलंदाज झाला. अर्धा मराठी, अर्धा फारसी, आमच्या घरासारखाच.

३१ ऑक्टोबर १९८७. विश्वचषकाचा सामना आमच्याच नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर. चेतन शर्मानं न्यूझीलंडचे रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद केले. विश्वचषकातली ती पहिलीच हॅट्‌ट्रिक, तीही तिघांच्या यष्ट्या उडवून. ट्रान्झिस्टरवर तेव्हा हिंदी समालोचन लागलं होतं. अब्बा मात्र खाटेवर उठून बसले आणि तिन्ही वेळा मोठ्यानं ओरडले, “त्रिफळाचीत!”

बाळ पंडितांना ते ऐकायला मिळायला हवं होतं.

(नभोवाणी भाषणावरून संपादित)