शिध्याचा हिशेब पक्का, मेलेल्यांचा कच्चा

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) उत्तरेकडच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या फौजेत कॉफीचा नियम ठरलेला होता. शंभर माणसांमागे रोज दहा पौंड कच्च्या बिया. म्हणजे माणशी रोज ४५ ग्रॅम आणि वर्षाला साडेसोळा किलो. एक लाखाची फौज असेल, तर दिवसाला ४५ क्विंटल कॉफी लागणार.

त्या ४५ ग्रॅमला शिपाई जिवापाड जपायचे. तुकडीचा शिधा आला की जमिनीवर रबरी घोंगडं पसरायचं आणि त्यावर कॉफीचे आणि साखरेचे माणशी वाटे घालायचे. कुणाचा वाटा तसूभर मोठा दिसला की कुरबूर सुरू. म्हणून सचोटीचा सार्जंट वाट्यांकडे पाठ करून, हातात नावांची यादी घेऊन उभा राहायचा. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचा, ‘हा कुणाचा?’ आणि सार्जंट न बघता नाव पुकारायचा. ज्याचं नाव येईल त्याने वाटा आपल्या फडक्याच्या पिशवीत ओतायचा, बहुतेकदा कॉफी आणि साखर एकत्रच. बिया दळायला काही नसलं तर बंदुकीच्या दस्त्याने कुटायच्या. पहाटेच्या हजेरीनंतर, कूच थांबल्यावर, रात्रीच्या पहाऱ्याआधी, जेव्हा जेव्हा जाळ करता येई तेव्हा पाण्याला आधण यायचं.

कॉफीसोबत हार्डटॅक. पीठ आणि पाणी एवढ्यावर भाजलेलं, सुमारे अर्धा इंच जाडीचं चौकोनी बिस्किट. ते इतकं टणक, की दाताने तुटायची मारामार. कॉफीत बुडवलं की मऊ पडायचं आणि आतले किडे वर तरंगायचे. ते काढून टाकायचे आणि पुढे प्यायचं. माणशी रोज नऊ-दहा बिस्किटं. लाखभर माणसांची नऊ लाख बिस्किटं एकावर एक रचली, तर चवड अकरा किलोमीटरच्या वर जाते. एव्हरेस्टची उंची नऊ किलोमीटरही नाही. आणि ही झाली एका दिवसाची न्याहारी-जेवणं.

हे सगळं आघाडीपर्यंत पोचायचं कसं? उत्तरेच्या जनरल शर्मनने १८६४ साली दक्षिणेतल्या अटलांटावर चाल केली, तेव्हा त्याच्याजवळ एक लाख माणसं आणि ३५,००० जनावरं होती. रसद यायची लुईव्हिलहून, एकेरी रुळांच्या ४७३ मैल रेल्वेमार्गाने. त्याने आधीच हिशेब मांडला होता : रोज दहा-दहा टनांच्या १३० वाघिणी पोचल्या पाहिजेत. १ मे ते १२ नोव्हेंबर, १९६ दिवस त्या एका मार्गावर ही फौज जगली. रेल्वे नसती तर काय लागलं असतं, तेही त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. सहा-सहा खेचरांच्या ३६,८०० गाड्या, प्रत्येकीत दोन टन माल, रोज वीस मैलांची मजल.

इथे थांबून एक गुणाकार करावासा वाटतो. ३६,८०० गाड्यांना २,२०,८०० खेचरं. सरकारी नियमाप्रमाणे खेचराला रोज १४ पौंड वाळलेलं गवत आणि ९ पौंड दाणा. म्हणजे रसद ओढणारी खेचरंच रोज अडीच हजार टन फस्त करणार. फौजेला हवे होते १,३०० टन! खेचरांनी स्वतःच्या चाऱ्याच्या निम्मंच ओझं पोचवलं असतं. अटलांटाची मोहीम रुळांवरच का तगली, ते या एका गुणाकारात कळतं.

लढाईचे दिवस मात्र मोजकेच असायचे. ते भयंकर असत, यात शंका नाही. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमला एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पण वर्षाचे बाकी दिवस कवायत, पहारा, लाकूडफाटा, खंदक, पत्रं आणि कंटाळा यांत जायचे. आणि खरा संहार त्या साध्या दिवसांतच झाला. या युद्धात मेलेल्या दर तिघांपैकी दोघे रोगाने गेले. शौचाचे चर आणि प्यायचं पाणी शेजारी-शेजारी, आणि जंतू म्हणजे काय हे अजून डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. एकट्या उत्तरेच्या फौजेत हगवण-अतिसाराच्या १७ लाखांहून अधिक नोंदी आहेत. सैनिकांच्या एकूण संख्येशी ताडून पाहा : ती बावीस लाखांच्या आतबाहेर होती.

पगाराचाही हिशेब काटेकोर. शिपायाला महिना १३ डॉलर. मात्र कृष्णवर्णीय शिपायाला १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ वजा, म्हणजे हातात ७. गुलामगिरी संपवायला ज्यांनी रक्त सांडलं, त्यांनाच निम्मा पगार! कित्येकांनी तो घ्यायलाच नकार दिला आणि बिनपगारी लढत राहिले. समान वेतनाचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांच्यामागे या सुमारे १,७९,००० शिपायांचीही किंमत आहे, असं मी मानतो.

आता जो हिशेब चुकला तो. कॉफी औंसात मोजणाऱ्या या फौजेने शिपायाच्या गळ्यात नावाचा साधा बिल्लासुद्धा दिला नव्हता. नोव्हेंबर १८६३ मध्ये व्हर्जिनियात माइन रनला हल्ल्याच्या हुकमाची वाट पाहताना शिपायांनी आपली नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून कोटांना टाचली, निदान प्रेत कुणाचं ते घरी कळावं म्हणून. हल्ला ऐनवेळी रद्द झाला. शतकभर पुस्तकांत मृतांचा आकडा ६,२०,००० असा छापला जात होता. २०११ साली इतिहासकार डेव्हिड हॅकर यांनी जनगणनांची तुलना करून तो साडेसात लाखांच्या आसपास नेला. २०२४ च्या नव्या अभ्यासाने तो सात लाखांजवळ आणला. पहिल्या दोन आकड्यांतला फरकच १,३०,००० चा. शर्मनच्या अख्ख्या फौजेहून मोठा! युद्धानंतर सरकारने उत्तरेच्या सुमारे तीन लाख सैनिकांची प्रेतं उकरून राष्ट्रीय दफनभूमींत हलवली, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांची नावं लागली नाहीत.

अपवाद एका जागेचा सांगायलाच हवा. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत चौदा महिन्यांत उत्तरेचे ४५,००० युद्धकैदी आले आणि जवळपास १३,००० मेले. तिथल्या मृत्यूंची वही लिहायचं काम डॉरन्स अॅटवॉटर या एकोणीस वर्षांच्या कैद्याकडे होतं. दक्षिणेचे अधिकारी ही यादी पुढे देतील याचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने चोरून दुसरी प्रत लिहिली आणि सुटताना बरोबर आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात, युद्धात जखमींची सेवा केलेल्या क्लारा बार्टन यांच्यासह तो परत तिथे गेला आणि थडग्यांवर नावं लागली. अँडरसनव्हिलच्या सुमारे १३,००० थडग्यांपैकी बेनाम राहिली फक्त ४६०.