एकच गिऱ्हाईक

वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजारावर सरकारची नजर असणं नवं नव्हतं. 1886 साली कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. त्याला कारणही होतं. दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत, मापात मारत, हमाली नि धर्मादायाच्या नावाखाली पैसे कापत. नियम आले ते या लबाडीला आळा घालण्यासाठी. सरकार तराजूशेजारी उभं राहिलं; कापूस घेणारे वेगळे राहिले.

ही वाटणी 1972 च्या हंगामात संपली. आदल्या वर्षीच्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक स्वतः पुसदचे, कापसाच्या मुलखातले. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेला विकायचा, खासगी व्यापार बंद, राज्याबाहेर कापूस नेणं गुन्हा. सरकार हमीभाव देणार, जिनिंग-प्रेसिंग करून रुईच्या गाठी गिरण्यांना विकणार आणि नफा झाला तर शेतकऱ्याला बोनस देणार. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. दिवाळीत गरजेपोटी मातीमोल विकलेला कापूस उन्हाळ्यात व्यापाऱ्याला सोन्याचा भाव देतो, हे गावोगावी लोकांनी पाहिलं होतं. त्यामुळे योजनेवर शंका घेणाऱ्याला ‘व्यापाऱ्यांचा माणूस’ हे नाव चिकटायला वेळ लागत नसे.

पण खरी शंका व्यापाऱ्याच्या पेढीवर जन्मली नाही. ती संकलन केंद्राच्या फाटकाबाहेर, बंड्यांच्या रांगेत जन्मली. सीतादहीचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र कापूस भरून शेतकरी यायचा आणि रांग सरकेपर्यंत बंडीखाली मुक्काम करायचा. मग ग्रेडर यायचा. बंडीत हात खुपसून मूठभर कापूस ओढायचा, बोटांत धागा ताणून बघायचा, ओल चाचपायचा आणि प्रत सांगायचा. त्याच्या त्या एका शब्दावर वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा ठरे. जुन्या बाजारात एका दलालाने प्रत पाडली तर बंडी दुसऱ्याकडे वळवता यायची, दोघांना आपसात झुंजवता यायचं. इथे वळायला जागाच उरली नाही. भाव ठरवणारं, प्रत लावणारं, माल घेणारं, पैसे देणारं आणि तक्रार ऐकणारं दार एकच होतं.

पैसेही लगेच हातात येत नसत. चुकारा हप्त्याहप्त्याने येई आणि त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होई. कर्जवसुलीच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती. पण ज्याच्या घरी लग्न किंवा दवाखाना उभा असेल, त्याला रोख पैसे देणारा सीमेपलीकडचा व्यापारी जवळचा वाटणारच. पैनगंगेपल्याड आदिलाबाद, धुळ्याच्या वर सेंधवा, पश्चिमेला गुजरात. बाहेर भाव चढला की रात्रीतून कापूस त्या वाटांनी जायचा. बाहेर भाव पडला की उलटी गंगा वाहायची आणि परराज्यातला कापूस इथल्या केंद्रांवर यायचा. म्हणजे तेजीत योजनेच्या हाती माल लागायचा नाही आणि मंदीत सगळा बोजा तिच्याच अंगावर. या हिशेबात तोटा अटळ होता. कुणा एका अधिकाऱ्याच्या नालायकीने तो झालेला नव्हता.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा प्रवास या बाबतीत फार बोलका आहे. 1986 च्या कापूस आंदोलनात मागणी भावाची होती. त्या वर्षी डिसेंबरमध्ये सुरेगावात, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. शेतकऱ्याचा कैवार घेतलेल्या सरकारशी भावाची घासाघीस करायची, तर त्याचे पोलीस समोर उभे ठाकतात. ज्या गिऱ्हाइकाच्या हाती बंदूक आहे, त्याच्याशी सौदा बरोबरीचा होत नाही. पुढे संघटनेची भाषा बदलत गेली. राज्यबंदी उठवा, कापूस कुठेही विकू द्या, ही मागणी पुढे आली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेतच ती दडलेली होती, असं आता मागे वळून पाहताना वाटतं.

नव्वदीच्या उत्तरार्धात जगभर कापूस उतरला. हमीभाव मात्र निवडणुकीकडे बघून ठरत होता. योजना राबवणाऱ्या पणन महासंघाचा तोटा हजारो कोटींच्या घरात गेला, चुकारे रखडले, कायद्याला वर्षावर्षाची मुदतवाढ मिळत राहिली. अखेर 2002 च्या हंगामात खासगी व्यापाऱ्यांना दार उघडलं आणि तीस वर्षांचा एकाधिकार संपला.

योजनेची बाजू घेणारे सांगतात की मोकळ्या बाजाराने विदर्भाला वाऱ्यावर सोडलं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मंदीच्या काही वर्षांत योजनेच्या भावाने घरं तगली, हे खरं आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा एकाधिकार उरला नव्हता. पण या आत्महत्यांच्या बातम्या 1997-98 च्या नापिकीपासून येऊ लागल्या होत्या आणि त्या वेळी योजना पूर्ण अमलात होती. कोरडवाहू जमीन, बोंडअळी आणि सावकार यांच्यावर तिच्याकडे उपाय नव्हता. सिंचन, बियाण्याची पारख, वेळेवर कर्ज ही सरकारची कामं मागे पडली आणि सरकार रुईच्या गाठी विकत बसलं. योजनेवरचा सगळ्यांत जड आक्षेप हाच आहे.

एकाधिकार गेला, पण सरकारचा हात बाजारातून निघाला नाही. 5 मार्च 2012 रोजी केंद्राने कापसाची निर्यात अचानक थांबवली. आपल्याला विचारलंही नाही, अशी तक्रार खुद्द कृषिमंत्री शरद पवारांनी केली आणि थोड्याच दिवसांत बंदी मागे घ्यावी लागली. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क आधी 30 सप्टेंबरपर्यंत माफ झालं, मग ती मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. विदर्भ-मराठवाड्यातली वेचणी याच महिन्यांत जोरात असते आणि देणी भागवायची घाई असलेला शेतकरी पहिल्या वेचणीचा कापूस याच दिवसांत विकतो.