गाडीचा मागचा भाग वर का राहिला?

माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी 1986 सालची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ही गाडी आधी फियाट 1100 म्हणून आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने तयार होई. 2000 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. परभणीला घरी पडून गंजलेली ही गाडी आम्ही पूर्ण खोलून नव्याने बांधून घेतली. रंग, इंजिन, सगळे मनासारखे झाले. फक्त मागचा भाग उंच दिसत होता. 'नवे पाटे आहेत, बसतील हळूहळू,' असे मिस्त्री म्हणाले.

मग एका रात्री जिंतूरहून परतताना वडिलांना पुढची बिनदिव्याची उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसली. थोडक्यात बचावलो. दिवे तर नवे होते!

थोडे गणित करू. पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर 234 सेंमी. मागचा भाग 4 सेंमी उचलला तर प्रकाशझोत दर 100 मीटरला 1.7 मीटर जास्त खाली जातो. दिवा जमिनीपासून 65 सेंमीवर आहे आणि खालचा झोत मुळात 100 ला 1 असा उतरता लावला आहे असे समजा. मग तो 65 मीटरवर जमिनीला टेकायला हवा. आता उतार 100 ला 2.7 झाला, म्हणजे झोत 24 मीटरवरच संपला. ताशी 60 किमी वेगाने हे अंतर दीड सेकंदात कापले जाते.

उंची वाढली हे नक्की, पण किती? गाडी खोलण्यापूर्वी मी माप घेतले नव्हते, ही माझीच चूक. म्हणून एका परिचितांच्या तशाच पद्मिनीशी तुलना केली. माप जमिनीपासून घेतले नाही, कारण मग टायरमधील हवाही मापात येते. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत उभे मोजले. शिवाय पाटे एकमेकांवर घासत असल्यामुळे गाडी दाबून सोडली तर थोडी खाली थांबते, उचलून सोडली तर थोडी वर. दोन्ही मापे घेऊन मध्य काढला. फरक 4 सेंमी आला.

मागच्या चाकांवर भार पेलणारे साधन म्हणजे पोलादी पाट्यांची कमान. हुकचा नियम येथेही बऱ्याच अंशी लागू पडतो: जेवढा भार, त्या प्रमाणात दब. समजा प्रत्येक मागच्या चाकावर 200 किग्रॅ भार आहे आणि कमान 1 मिमी दबायला 20 न्यूटन बल लागते. तर दब सुमारे 9.8 सेंमी. गाडी उंच दिसण्याची कारणे मग दोन असू शकतात. एक, कमानीचा बाकच जास्त दिलेला आहे. दोन, कमान जास्त ताठ आहे. पट्टीने उंची मोजून हा भेद कळत नाही. त्यासाठी भार वाढवून पाहावा लागतो.

आम्ही दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर युरियाची प्रत्येकी 45 किग्रॅची दोन पोती ठेवली. परिचितांची गाडी 22 मिमी दबली, आमची 18 मिमी. म्हणजे आमची कमान सुमारे 22 टक्के ताठ! पाट्यांची संख्या मात्र सारखीच होती. व्हर्निअर कॅलिपर लावल्यावर उलगडा झाला. कमानीतील दोन पाटे 6 ऐवजी 7 मिमी जाडीचे होते. 'आपल्या रस्त्यांना दणकट हवेत' या सद्हेतूने ते कोणत्यातरी दुसऱ्या गाडीचे बसवले गेले होते.

एका मिलिमीटरने एवढा फरक कसा? पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 7/6 चा घन सुमारे 1.59. पाचपैकी दोन पाटे असे असतील तर एकूण ताठपणा 1.24 पट होतो. वर्गात हे सहज दाखवता येते: प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेला आडवी धरून टोकाला वजन लावा, मग तीच पट्टी कडेवर उभी धरून पाहा. पट्टी तीच, पदार्थही तोच. ताठ कमानीमुळे गाडी हादरतेही जास्त, कारण दब कमी झाला की आंदोलने जलद होतात. माझ्या मते खराब रस्त्याला कडक पाटे हा आपल्याकडचा रूढ गैरसमजच आहे. मालवाहू गाडीची गोष्ट वेगळी.

ताठपणाने 18 मिमीचा हिशेब लागला. उरलेले? पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. आमच्या गाडीचे हे बोल्ट गाडी ठोकळ्यांवर असताना, चाके लोंबकळत असतानाच आवळले गेले होते. रबर त्या स्थितीत पकडले गेले. गाडी जमिनीवर आली की रबर पिळले जाते आणि स्वतःच एक छोटी स्प्रिंग बनून गाडीला वर ढकलत राहते. अशी पिळलेली बुश लवकर फाटतात, ते नुकसान निराळेच. चाके जमिनीवर ठेवून बोल्ट सैल केले, गाडी थोडी पुढेमागे ढकलली. ती पाऊण सेंटिमीटर खाली बसली.

जाड पाटे काढून मूळ जाडीचे घातले, आणि या वेळी बोल्ट चाकांवर भार असतानाच आवळले. आता परिचितांच्या गाडीपेक्षा दीड सेंमी उंची उरली आहे. ती तशीच ठेवली. त्यांचे पाटे इतक्या वर्षांत थकलेले आहेत, त्यांच्या गाडीची उंची हे काही प्रमाण नव्हे. आणि आमचे नवे पाटे अजून थोडे बसतील. मिस्त्रींचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे होते.

दिवे मात्र त्याच संध्याकाळी घराच्या भिंतीवर झोत पाडून नव्याने लावले. पाटे बसले की दिवाळीनंतर पुन्हा एकदा लावणार आहोत.